मानव संसाधन व्यवस्थापनातील अंशकालीन पदव्युत्तर शिक्षण

मानव संसाधन व्यवस्थापनातील अंशकालीन पदव्युत्तर शिक्षण म्हणजे नोकरी न सोडता, सायंकाळच्या किंवा सुट्टीच्या दिवशीच्या वर्गांतून, अथवा दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने घेतले जाणारे मनुष्यबळ व्यवस्थापनाचे उच्च शिक्षण होय. कारखान्यातील हजेरी व वेतन विभागातील लिपिक, पर्यवेक्षक, कंत्राटदाराच्या कार्यालयातील कर्मचारी, तसेच बँका, रुग्णालये आणि गोदामे यांतील प्रशासकीय कर्मचारी या शिक्षणाकडे वळतात. हाताखालच्या कामाकडून जबाबदारीच्या पदाकडे जाणे हा त्यांचा मुख्य हेतू असतो. महाराष्ट्रात या विषयाच्या शिक्षणाला मुंबईच्या गिरणी कामगारांच्या इतिहासाची पार्श्वभूमी आहे.

या शिक्षणाची निवड करताना संस्थेच्या नावाइतक्याच तीन बाबी निर्णायक ठरतात : पदवीची मान्यता, ती पदवी कोणत्या पदासाठी कायद्याने ग्राह्य आहे, आणि राहण्याचे ठिकाण, कामाची जागा व वर्ग यांतील अंतर. ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड व शहापूर या ग्रामीण तालुक्यांत तिसरी बाब विशेष महत्त्वाची आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या कापड गिरण्यांत कामगारांची भरती, त्यांची हजेरी आणि त्यांना कामावरून काढणे हे सर्व प्रामुख्याने जॉबर, म्हणजे मुकादमाच्या हाती असे. कामगारांच्या गाऱ्हाण्यांना वाचा फोडण्याचे कार्य नारायण मेघाजी लोखंडे (१८४८–१८९७) यांनी केले. त्यांच्या प्रयत्नांमुळे १० जून १८९० पासून गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळू लागली.

ब्रिटिश सरकारने १९२९ मध्ये नेमलेल्या शाही श्रम आयोगाने, म्हणजेच व्हिटली आयोगाने, १९३१ मध्ये अहवाल सादर केला. भरतीचे अधिकार मुकादमाकडून काढून घेऊन कारखान्यात स्वतंत्र कामगार अधिकारी नेमावा, अशी शिफारस त्यात होती. आजच्या मानव संसाधन विभागाचे भारतातील मूळ या शिफारशीत शोधले जाते. मुंबई प्रांतात १९३४ च्या औद्योगिक तंट्यांसंबंधीच्या कायद्याने सरकारी कामगार अधिकाऱ्याचे पद निर्माण झाले.

या कामासाठी प्रशिक्षित माणसे हवीत, या जाणिवेतून शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या. १९३६ मध्ये मुंबईत स्थापन झालेली सर दोराबजी टाटा समाजकार्य पदव्युत्तर शाळा पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली. १९४७ मध्ये मुंबई सरकारने बॉम्बे लेबर इन्स्टिट्यूट सुरू केली. परळ येथील ही संस्था आज नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. १९६५ मध्ये मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज व्यवस्थापन अभ्यास संस्था स्थापन झाली.

१९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत या क्षेत्रात ‘कार्मिक व्यवस्थापन’ आणि ‘औद्योगिक संबंध’ हे शब्द प्रचलित होते. १९७५ च्या सुमारास लार्सन अँड टुब्रो या कंपनीने उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांच्या सल्ल्याने स्वतंत्र मानव संसाधन विकास विभागाची रचना केली. त्यानंतर ‘मानव संसाधन’ ही संज्ञा उद्योगांत आणि अभ्यासक्रमांत रूढ झाली. नाव बदलले तरी कामाचा गाभा तोच राहिला. भरती, वेतन, शिस्त, गाऱ्हाणी, सुरक्षा आणि प्रशिक्षण यांची व्यवस्था लावणे हे या विभागाचे काम होय.

अभ्यासक्रमांचे प्रकार

नोकरी करणाऱ्या व्यक्तीपुढे साधारणपणे चार मार्ग असतात.

पहिला मार्ग विद्यापीठाच्या अंशकालीन पदवीचा. मुंबई विद्यापीठाचा ‘मास्टर इन ह्यूमन रिसोर्स डेव्हलपमेंट मॅनेजमेंट’ हा अभ्यासक्रम या प्रकारातील प्रमुख उदाहरण आहे. तो तीन वर्षांचा व सहा सत्रांचा असून नोकरी करणाऱ्या पदवीधरांसाठी आखलेला आहे. वर्ग मुख्यतः सायंकाळी आणि आठवड्याच्या अखेरीस भरतात. पुणे विद्यापीठाची ‘मास्टर इन पर्सोनेल मॅनेजमेंट’ ही पदवीही अनेक वर्षे कारखान्यांतील कर्मचाऱ्यांमध्ये परिचित होती.

दुसरा मार्ग मुक्त व दूरस्थ शिक्षणाचा. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ मध्ये स्थापन झाले. नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना १ जुलै १९८९ रोजी झाली. दोन्ही विद्यापीठे व्यवस्थापनाचे पदव्युत्तर शिक्षण देतात. राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या मानव संसाधन विषयातील एम.बी.ए. पदवीचा किमान कालावधी दोन वर्षे आणि कमाल कालावधी चार वर्षे आहे. त्याच्या सत्रान्त परीक्षा जून व डिसेंबर महिन्यांत होतात.

तिसरा मार्ग पदविकेचा. कामगार कायदे व कामगार कल्याण या विषयांतील पदविका तुलनेने कमी काळाच्या असतात. त्या पदव्युत्तर पदवीची जागा घेत नाहीत. तथापि कायद्याचे नेमके ज्ञान हवे असलेल्या कर्मचाऱ्यास त्यांचा प्रत्यक्ष कामात उपयोग होतो.

चौथा मार्ग खाजगी व्यवस्थापन संस्थांच्या पी.जी.डी.एम. या पदविकेचा. ही पदवी नसून पदविका असते. ती देणारी संस्था विद्यापीठ नसल्याने तिला अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता आहे किंवा नाही, हे पाहणे आवश्यक ठरते. सरकारी नोकरीसाठी किंवा पुढील संशोधनासाठी ही पदविका पदवीशी समकक्ष मानली जाते का, हा प्रश्नही स्वतंत्रपणे तपासावा लागतो.

अभ्यासाचे विषय

पहिल्या टप्प्यात व्यवस्थापनाची तत्त्वे, लेखांकन, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र आणि संघटनात्मक वर्तन हे सामान्य विषय असतात. पुढील सत्रांत मनुष्यबळ नियोजन, भरती व निवड, प्रशिक्षण, कार्यमूल्यमापन, वेतनरचना, औद्योगिक संबंध आणि कामगार कायदे हे विषय येतात. शेवटी प्रकल्प अहवाल लिहावा लागतो. नोकरी करणारा विद्यार्थी बहुधा स्वतःच्याच कारखान्यातील एखादा प्रश्न त्यासाठी निवडतो. गैरहजेरी, कंत्राटी कामगारांची गळती, अपघातांची नोंद, प्रशिक्षणाचा उत्पादनावरील परिणाम ही त्याची उदाहरणे होत. अशा वेळी कंपनीची अंतर्गत माहिती वापरण्यास लेखी परवानगी घेणे आवश्यक असते.

कामगार कायद्यांचा भाग सध्या मोठ्या बदलातून गेला आहे. केंद्र सरकारने २९ केंद्रीय कायदे एकत्र करून चार संहिता तयार केल्या. त्यांपैकी वेतन संहिता २०१९ ची असून औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती या तीन संहिता २०२० च्या आहेत. या चारही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यामुळे जुन्या कायद्यांवर आधारलेली पाठ्यपुस्तके व टिपणे आज अपुरी ठरतात. १९४८ चा कारखाने अधिनियम किंवा १९४७ चा औद्योगिक विवाद अधिनियम एवढ्यावरच थांबणारा अभ्यासक्रम विद्यार्थ्यास कालबाह्य ज्ञान देतो. असे असले तरी न्यायालयांचे बहुसंख्य निवाडे जुन्या कायद्यांच्या आधारे दिलेले असल्याने त्या कायद्यांचा परिचयही आवश्यक राहतो.

मान्यता

दूरस्थ व ऑनलाइन पदव्यांचे नियमन विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनुसार होते. आयोगाचा दूरस्थ शिक्षण विभाग मान्यताप्राप्त विद्यापीठांची आणि अभ्यासक्रमांची सूची सत्रनिहाय प्रसिद्ध करतो. मान्यता ही विद्यापीठाच्या नावाला सरसकट नसते. विशिष्ट अभ्यासक्रमास व विशिष्ट सत्रास ती दिलेली असते. एखाद्या विद्यापीठाच्या वाणिज्य पदवीस मान्यता असली, म्हणजे त्याच्या एम.बी.ए. पदवीस ती आपोआप मिळत नाही.

आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले, की मान्यताप्राप्त विद्यापीठांतून दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने मिळवलेल्या पदव्या नियमित पद्धतीच्या पदव्यांशी समकक्ष मानल्या जातील. २०२४ पासून अशा अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याने आयोगाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून स्वतःचा ओळख क्रमांक घेणे बंधनकारक आहे. ही नोंदणी विद्यार्थ्याने स्वतः करावयाची असते.

विनियमांनुसार विद्यापीठास आपला दूरस्थ किंवा ऑनलाइन अभ्यासक्रम दुसऱ्या संस्थेमार्फत मताधिकार पद्धतीने, म्हणजे ‘फ्रँचायझी’ देऊन, चालवता येत नाही. तालुक्याच्या गावी एखाद्या गाळ्यात पाटी लावून ‘वर्षभरात पदवी’ देण्याचे आश्वासन देणाऱ्या केंद्रांच्या संदर्भात हा नियम महत्त्वाचा आहे. दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीचा कालावधी पैसे भरून कमी होत नाही. तसेच बारावीनंतरची मूळ पदवी नसताना घेतलेली पदव्युत्तर पदवी नियमबाह्य ठरते.

कायद्याने ठरवलेले पद आणि पात्रता

मानव संसाधन विभागातील बहुतेक पदांसाठी कोणती पदवी हवी, हे कंपनी ठरवते. मात्र कल्याण अधिकारी हे पद त्यास अपवाद आहे. कारखाने अधिनियमाच्या कलम ४९ नुसार ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक होते. व्यावसायिक सुरक्षेच्या नव्या संहितेत ही मर्यादा २५० कामगारांवर आणण्यात आली आहे. त्यामुळे मध्यम आकाराचे अनेक कारखानेही या तरतुदीच्या कक्षेत येतात.

महाराष्ट्रात या पदाची कर्तव्ये व पात्रता १९६६ च्या कल्याण अधिकारी नियमांनी ठरवली. पदवीसोबत राज्य शासनाने या कारणासाठी मान्य केलेली सामाजिक शास्त्रातील पदवी किंवा पदविका आणि बहुसंख्य कामगारांच्या भाषेचे पुरेसे ज्ञान, या त्यांतील मुख्य अटी होत. म्हणून मानव संसाधन विषयातील प्रत्येक एम.बी.ए. धारक कल्याण अधिकारी होण्यास आपोआप पात्र ठरत नाही. पदवी खरी व मान्यताप्राप्त असूनही ती या विशिष्ट पदासाठी शासनाने मान्य केलेल्या पात्रतांत नसू शकते. कल्याण अधिकारी होण्याच्या उद्देशाने शिक्षण घेणाऱ्याने प्रवेशापूर्वीच राज्याचे लागू असलेले नियम पाहणे हिताचे असते. तीन वर्षांनंतर ही बाब लक्षात आल्यास खर्च झालेला काळ परत मिळत नाही.

ग्रामीण ठाणे जिल्हा : अंतर आणि वेळ

टोकावडे हे मुरबाड तालुक्यातील गाव कल्याणहून मुरबाड व माळशेज घाटामार्गे अहिल्यानगरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर आहे. मुरबाड येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे औद्योगिक क्षेत्र आहे. शेजारच्या शहापूर तालुक्यात वासिंद, आसनगाव आणि आटगाव या परिसरांत कारखाने व गोदामे आहेत. या भागातील अनेक तरुणांचा मनुष्यबळ विभागाशी पहिला संबंध कंत्राटदाराकडील हजेरीपट भरणे, भविष्यनिर्वाह निधीचे अर्ज करणे किंवा पाळ्यांचे वेळापत्रक लावणे अशा कामांतून येतो.

शहापूर तालुका कल्याण–कसारा या उपनगरी रेल्वेमार्गावर आहे. मुरबाड व टोकावडे येथून मात्र आधी रस्त्याने कल्याण गाठावे लागते. कल्याण ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे रेल्वेचे अंतर सुमारे ५४ किलोमीटर आहे. सायंकाळी साडेसहाच्या वर्गासाठी मुंबईत पोहोचणे आणि वर्ग सुटल्यावर कल्याणहून गावाकडे जाणारे वाहन मिळवणे, ही टोकावड्याच्या विद्यार्थ्यापुढील खरी अडचण असते. पहिल्या पाळीच्या कामगाराला जाताना वेळ मिळतो, पण परतीचे वाहन मिळत नाही. सर्वसाधारण पाळीच्या कर्मचाऱ्याला वेळेवर निघणेच अवघड जाते. दर आठवड्याला पाळी बदलणाऱ्यास तर ठरावीक वेळेचा कोणताही वर्ग नियमितपणे करता येत नाही.

हा हिशेब आकड्यांत मांडता येतो. जाण्यायेण्यास दररोज सहा तास आणि आठवड्यात चार दिवस वर्ग असे धरल्यास प्रवासाचे आठवड्याला २४ तास होतात. एका सत्राचे १५ आठवडे मानले, तर सहा सत्रांत २,१६० तास केवळ प्रवासात जातात. दूरस्थ शिक्षणात एका श्रेयांकासाठी ३० तासांचा अभ्यास गृहीत धरला जातो. त्या प्रमाणात चार श्रेयांकांच्या एका विषयाला १२० तास लागतात. म्हणजे प्रवासात जाणारा वेळ अशा १८ विषयांच्या अभ्यासाइतका होतो.

त्यामुळे या भागातील विद्यार्थी सहसा तीनपैकी एक तडजोड करतात. काही जण वर्गांच्या काळात कल्याण, डोंबिवली किंवा ठाणे येथे नातेवाइकांकडे अथवा भाड्याच्या खोलीत राहतात. काही जण फक्त शनिवार-रविवारी वर्ग असलेला अभ्यासक्रम शोधतात. उरलेले मुक्त विद्यापीठाचा मार्ग स्वीकारतात. तिसऱ्या मार्गात प्रवास वाचतो, परंतु सहाध्यायी, अध्यापकांशी होणारी चर्चा आणि अन्य कंपन्यांतील अधिकाऱ्यांच्या ओळखी हे वर्गाचे लाभ कमी होतात. घरी शेती, आजारी आईवडील किंवा लहान मुले असलेल्यांना, विशेषतः विवाहित स्त्रियांना, रात्री उशिरा परतणे शक्य नसल्याने हाच मार्ग उपलब्ध असतो.

भाषेचा प्रश्न

मानव संसाधन विषयाचे अभ्याससाहित्य बहुतांशी इंग्रजीत आहे. मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्यास पहिल्या दोन सत्रांत त्याचा ताण जाणवतो. प्रत्यक्ष कामाची भाषा मात्र वेगळी असते. कारखाने अधिनियमाच्या कलम १०८ नुसार कारखान्यातील वैधानिक सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावणे आवश्यक होते. स्थायी आदेशांसंबंधीच्या १९४६ च्या कायद्यातही तशीच तरतूद होती. शिस्तभंगाच्या चौकशीत कामगाराला आरोपपत्र समजले पाहिजे, हे नैसर्गिक न्यायाचे तत्त्व आहे.

त्यामुळे इंग्रजीतील तरतूद समजून घेऊन ती कामगाराला सोप्या मराठीत सांगू शकणारा अधिकारी कारखान्याला उपयोगी पडतो. मुरबाड-शहापूरच्या पाड्यांतून येणाऱ्या कामगारांची बोली, त्यांचे शेतीचे दिवस, लग्नसराई आणि गणपती-होळीच्या रजा यांची जाण असलेला स्थानिक कर्मचारी गैरहजेरीचे कारण लवकर ओळखतो. हे ज्ञान पदवीत मिळत नाही. पदवी त्याला अधिकार आणि कायद्याची चौकट देते.

खर्च आणि कंपनीचे सहकार्य

अंशकालीन शिक्षणाचा सर्वांत मोठा आर्थिक लाभ म्हणजे वेतन चालू राहते. मात्र एकूण खर्चात शुल्काबरोबर प्रवास, बाहेर राहण्याचा खर्च, पुस्तके, परीक्षेच्या काळातील बिनपगारी रजा आणि सोडून द्यावा लागणारा जादा कामाचा मोबदला यांचाही समावेश होतो. जादा कामाच्या पैशांवर घर चालणाऱ्या कुटुंबात शेवटची बाब शुल्काइतकीच जड जाते.

शैक्षणिक कर्ज घेतल्यास १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८०ई नुसार व्याजावर आठ वर्षांपर्यंत वजावट मिळण्याची तरतूद होती. ती जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांपुरती होती. त्याच कायद्याच्या कलम ८०सी खालील शिकवणी शुल्काची वजावट मुलांच्या शिक्षणासाठी होती, स्वतःच्या शिक्षणासाठी नव्हती. या दोन कलमांत अनेकदा गल्लत केली जाते.

काही कंपन्या शुल्काचा भाग उचलतात व त्याबदल्यात ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार करून घेतात. अशा करारातील मुदत, परतफेडीची रक्कम आणि कंपनीनेच कामावरून कमी केल्यास काय होईल, ही तीन कलमे महत्त्वाची असतात. आर्थिक मदत न करणारी कंपनीही कायम पहिली पाळी, परीक्षेची रजा किंवा प्रकल्पासाठी परवानगी देऊन साहाय्य करू शकते. हे आश्वासन लेखी असल्यास वरिष्ठ बदलल्यानंतरही टिकते. कंत्राटदाराकडील कर्मचाऱ्याच्या बाबतीत अनुभवाचे प्रमाणपत्र कोण देणार, हा प्रश्नही प्रवेशापूर्वी सोडवावा लागतो. कारण अंशकालीन पदवीसाठी बहुधा कामाचा अनुभव मागितला जातो आणि कंत्राटदार बदलल्यावर जुन्या नोंदी मिळणे कठीण होते. भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यातील नोंदी अशा वेळी पुरावा म्हणून उपयोगी पडतात.

निवडीचे निकष

अभ्यासक्रम निवडताना पुढील क्रम उपयुक्त मानला जातो. प्रथम, अपेक्षित पद निश्चित करणे. वेतन विभागातील वरिष्ठ पद, भरती व प्रशिक्षणाचे काम, कल्याण अधिकारी आणि कामगार कायद्याचा सल्लागार या चार वाटांना लागणारे शिक्षण वेगवेगळे आहे. दुसरे, त्या पदाच्या जाहिरातींत व नियमांत मागितलेली पात्रता पाहणे. तिसरे, अभ्यासक्रमाची चालू सत्राची मान्यता अधिकृत सूचीत पडताळणे. चौथे, घर, काम आणि वर्ग यांमधील प्रवास प्रवेशापूर्वी एक आठवडा प्रत्यक्ष करून पाहणे. पाचवे, अभ्यासक्रमात नव्या संहिता शिकवल्या जातात का, याची विचारणा करणे. सहावे, अभ्यास मध्येच थांबल्यास तो पुन्हा सुरू करण्याची मुदत किती आहे, हे जाणून घेणे.

मर्यादा

पदवीमुळे बढती मिळतेच असे नाही. लहान कारखान्यात मानव संसाधन विभाग एका-दोघांचाच असतो. तेथे वरचे पद रिकामे झाल्याशिवाय पदवीधर लिपिकास संधी मिळत नाही. अशा वेळी पदवीचा उपयोग नोकरी बदलण्यासाठी होतो आणि त्यासाठी अनेकांना भिवंडी, ठाणे, नवी मुंबई किंवा पुणे येथे जावे लागते. गावात राहून पुढे जाण्याच्या इच्छेने घेतलेले शिक्षण गाव सोडावयास लावते, असा अनुभवही येतो.

दुसरी मर्यादा भूमिकेची आहे. सहकाऱ्यांमधून वर आलेला अधिकारी कालपर्यंत ज्यांच्या पंगतीला बसला, त्यांच्याच हजेरीवर व शिस्तीवर निर्णय देऊ लागतो. त्याच्यावर व्यवस्थापनाचा विश्वास नवा असतो आणि कामगारांचा विश्वास जुना असतो. व्हिटली आयोगाने कामगार अधिकाऱ्याची कल्पना मांडली, ती मुकादमाच्या मनमानीला आळा घालण्यासाठी. मुरबाडच्या औद्योगिक क्षेत्रात आज कंत्राटदाराच्या हजेरीपटावर सही करणाऱ्या कर्मचाऱ्यापुढेही जवळपास तोच प्रश्न असतो : भरलेले तास आणि दिलेले वेतन यांचा मेळ बसतो का, हे कोण पाहणार. अंशकालीन पदवी त्याला हा प्रश्न कायद्याच्या भाषेत मांडण्याचे साधन देते.